अर्धा कोबी, दोन गाजरं आणि कालचा भात

ठाणे
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय नित्या,

तुझं पत्र मिळालं. बदली नांदेडला, डबेवाल्या मावशी गावी गेलेल्या आणि साहेब आठ दिवस मॅगीवर! वाचून हसलो खरा, पण मागच्या वर्षी मीही हेच दिवे लावले होते. तू लिहितोस, ‘फ्रीजमध्ये अर्धा कोबी, दोन गाजरं, एक सुरकुतलेली सिमला मिरची आणि कालचा भात. यात काय होणार?’ अरे लेका, यात दोन वेळचं जेवण आहे.

माझा पहिला प्रयोग ऐक. चायनीज करायचं म्हणून घरातल्या सगळ्या भाज्या धुतल्या, तशाच निथळत्या कढईत ओतल्या, वरून मीठ घातलं आणि लवकर शिजाव्यात म्हणून झाकणही ठेवलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर पाण्यात पोहणारा कोबी. आईने डोकावून विचारलं, “कुणाच्या गोठ्यात पाठवायचंय हे?”

अक्कल आली ती स्टेशनाबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर. एकदा तिथे तीन प्लेट सांगितल्या आणि नुसता बघत उभा राहिलो. त्या पोऱ्याने तिन्ही एकदम केल्याच नाहीत. आधी दोन, मग एक. कढई धुरावली की तेल, तेलामागोमाग लसूण, आणि लसूण रंग धरायच्या आत मूठभर भाजी. चर्रर्र आवाज एकदाही बसू दिला नाही त्याने. तो आवाज बसला की समजायचं, भाजीचं पाणी सुटलं, आता ती परतली जात नाही, वाफेवर शिजतेय. कढई गच्च भरली की ती थंड पडते, आणि सुटलेलं पाणी उडून जायला उष्णता पुरत नाही. माझ्या कोबीचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून भाज्या धुऊन फडक्यावर कोरड्या कर. हा कंटाळा करू नकोस, बाकी कुठलाही केलास तरी चालेल. मग एकसारख्या पातळ, उभ्या चिर. आधी गाजर टाकायचं, मिनिट-दीड मिनिटाने सिमला मिरची आणि कोबी, पातीचा कांदा असलाच तर अगदी शेवटी. मीठही शेवटी, कारण मीठ पाणी ओढून काढतं. तेल आपलं शेंगदाण्याचंच घे. चीनच्या दक्षिणेकडेही परतायला ते वापरतात, तेव्हा बाटली बदलायचं कारण नाही. तुझ्याकडे इंडक्शन आहे ना? त्यावर गोल बुडाच्या कढईचं काही खरं नाही, सपाट लोखंडी तवा घे. नॉनस्टिक मात्र रिकामं तापवू नकोस.

सॉसचं फार मनावर घेऊ नकोस. दोन चमचे सोया सॉस, अर्धा चमचा व्हिनेगर, चिमूटभर साखर. रस हवा असेल तर चमचाभर कॉर्नफ्लोअर तीन-चार चमचे गार पाण्यात कालवून शेवटी ओत, उकळी फुटली की चकाकी येते. सोया सॉस खारट असतो, त्यामुळे चव घेतल्याशिवाय मिठाच्या डब्याला हात लावू नकोस. सॉस नसला तर मोहरी, हिंग, हळद आणि वरून दाण्याचं कूट. तुझी आजी फोडणीचा भात करायची तो आठव, तोही शिळ्या भाताचाच की! शिळा भात फ्रीजमध्ये घट्ट होतो, शितं मोकळी होतात. गरम भात घेतलास तर गिचका ठरलेला. पण नांदेडच्या उकाड्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवून दुसऱ्या दिवशी परतायचा नाही. त्यात होणारं विष पुन्हा तापवून जात नाही. रात्रीचं जेवण झालं की पसरट ताटात निववून लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

पोटाला आधार म्हणून अंडं आहेच. भाजी बाजूला सारून तव्यावरच फोड, जरा धरलं की मोडून मिसळ. मोडाचे मूगही छान लागतात. पनीर वेगळं परतून घे, नाहीतर भुगा होतो. एकदा मी दुधी परतायला गेलो होतो, त्याबद्दल काही विचारू नकोस.

चिरायला दहा मिनिटं, परतायला पाच. मॅगीची दोन मिनिटं तरी कुणाची दोनात झाली आहेत?

उद्या रात्री हे करून बघ आणि चर्रर्र आवाज शेवटपर्यंत टिकला का, तेवढं कळव. दिवाळीत आलास की आईसमोर तुला करायला लावणार आहे. तिने माझ्या कोबीची गोष्ट तुझ्या घरीसुद्धा सांगून ठेवली आहे.

तुझा,
शिऱ्या