सूचना : टेबल सॉच्या सुरक्षा-साधनांची जुळणी

गटातील सर्व सुतार सभासदांना कळविण्यात येते की, पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी ८ वाजता आपल्या सामाईक शेडमधील टेबल सॉची (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड चिरणाऱ्या मशीनची) जुळणी करावयाची असून, मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाने हजर राहावे. गेल्या महिन्यात सागाची फळी चिरताना मागे चीर मिटली, पाते आवळले गेले आणि फळी माझ्या कमरेजवळून उडून भिंतीवर आदळली. म्हणून हे काम आता लांबवता येणार नाही.

१. प्रथम प्लग काढला जाईल. एरवीही वीज गेली की बटण बंद करावे, कारण आपले जुने बटण चालू राहिल्यास वीज परतताच पाते फिरू लागते.

२. पाते टेबलावरील खाचेला समांतर आहे का, हे एकाच दातावर खूण करून, तो दात पुढे आणि मागे नेऊन मोजले जाईल. गाईड पट्टीही, म्हणजे फळी जिला टेकवून पुढे सरकवतात ती पट्टीही, त्याच खाचेशी जुळवली जाईल. तिचे मागचे टोक पात्याकडे केसभरही झुकलेले नसावे.

३. रायव्हिंग नाइफ (चिरेत शिरून ती उघडी ठेवणारा उभा पत्रा) पात्यामागे अगदी एका रेषेत, दातांपासून ३ ते ८ मिलिमीटरवर बसवला जाईल. त्याची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त, पण कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे हेच, कारण चीर मिटू न देण्याचे काम तोच करतो.

येताना गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) व स्टीलची पट्टी आणावी. गळ्यात दुपट्टा आणि हातात मोजे नसावेत. जुळणी होईपर्यंत मशीनवर फळ्या चिरू नयेत, ही कळकळीची विनंती.