बंद घड्याळ आणि माश्यांचा धूर

महोदय,

मे महिन्यात नातीला घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले होते. एका दुकानातलं घड्याळ बघून ती म्हणाली, "आजी, सव्वापाच झाले." वेळ बरोबर होती, पण घड्याळ केव्हाचं बंद पडलेलं! मग तिला वेळ कळली होती असं म्हणायचं का? ऑटोत घरी येईपर्यंत आमचा हाच वाद चालला होता.

बंद घड्याळाचं हे उदाहरण तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनीही दिलं आहे. योगायोगाने खरं ठरलेलं मत म्हणजे ज्ञान का, हा प्रश्न तत्त्वज्ञ एडमंड गेटिअर यांच्या १९६३ मधल्या जेमतेम तीन पानी निबंधानंतर जगभर गाजला. पण त्याच्या हजारेक वर्षं आधी धर्मोत्तर या बौद्ध आचार्यांनी काय लिहिलं बघा. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, वर माश्या घोंगावताहेत. लांबून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, "तिथे विस्तव आहे." विस्तव असतोच! ही तर तयार कथाच आहे. तो माणूस पुढे त्या विस्तवापाशी गेला तर काय होईल, हे मला कथेतच वाचायचं आहे.

प्रत्यक्ष (स्वतः पाहून कळणं), अनुमान (खुणेवरून ओळखणं) हे ज्ञानाविषयीचे शब्द आपल्याकडे परीक्षेपुरते उरले, याचं फार वाईट वाटतं. आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा कथांना जागा द्या, वैदर्भीय नवलेखकांकडून त्या मागवा. १९२३ पासून काम करणाऱ्या विदर्भ साहित्य संघानेही यासाठी कथास्पर्धा घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर