व्हानुआतू फक्त बुडत नाही, जपतही आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै 2025 मध्ये बारा दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आल्या. 11 जुलैला आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि पेढे वाटले गेले. 23 जुलैला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलाबाबत देशांच्या कायदेशीर जबाबदाऱ्या सांगणारं सल्लागार मत दिलं. हा विषय न्यायालयापर्यंत नेला तो प्रशांत महासागरातल्या व्हानुआतूने. त्या दुसऱ्या बातमीत, आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक लेखांत, या देशाची ओळख एकाच विशेषणात उरकलेली दिसते: बुडणारा. त्याबद्दलच लिहीत आहे.

मुळात व्हानुआतू हा ज्वालामुखींनी घडवलेल्या सुमारे ऐंशी बेटांचा डोंगराळ देश आहे. तिथला ताब्वेमासाना डोंगर 1879 मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. समुद्राच्या तोंडी जातोय तो किनारा, आणि बहुतेक गावं, बागा आणि कबरी आहेत त्या किनाऱ्यालाच. तोरेस बेटांपैकी तेगुआवरचं लातेउ हे गाव वीस वर्षांपूर्वीच किनाऱ्यावरून आत हलवावं लागलं. तेव्हा संकट खरं आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण हेगमध्ये या देशाची बाजू मांडणारे आणि निकालाच्या वेळी हवामानमंत्री असलेले राल्फ रेगेन्वानू मूळचे मानववंशशास्त्राचे अभ्यासक आणि चित्रकार. 1995 पासून दहा-अकरा वर्षं ते व्हानुआतू कल्चरल सेंटर या राष्ट्रीय संस्थेचे संचालक होते. संग्रहालय, राष्ट्रीय ग्रंथालय, ध्वनी-चित्रफितींचा साठा आणि पुरातत्त्वाचं काम, सगळं याच संस्थेकडे. ही ओळख वाचकांपर्यंत आली असती तर किनारा गेला की नेमकं काय जातं, हे त्या माणसाला इतकं पक्कं का ठाऊक आहे, तेही कळलं असतं.

उदाहरणार्थ रोइ माटा. साधारण 1600 च्या सुमारास एफाते बेटावर होऊन गेलेला हा सरदार. आपसांत लढणाऱ्या टोळ्यांना त्याने नाफ्लाक या कुळपद्धतीने बांधलं, असं लोक सांगतात. नारळ, कोनफळाच्या जातीचा याम, ऑक्टोपस अशी कुळांची चिन्हं. कूळ आईकडून चालतं आणि एका चिन्हाची माणसं गावं वेगळी असली तरी एकमेकांवर हत्यार उचलत नाहीत. पुढे भावानेच त्याच्यावर विषप्रयोग केला. लेलेपा बेटावरच्या मोठ्या गुहेत त्याने प्राण सोडला आणि त्याला आर्टोक नावाच्या छोट्या बेटावर पुरलं. त्याच्यासोबत कितीतरी माणसं पुरली गेली. लेलेपाचे आणि समोरच्या मंगालिलिऊ गावचे लोक ही हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते, जागेसकट.

1967 मध्ये जोसे गारांजे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ही हकिगत प्रमाण मानून आर्टोकवर खणलं. उभ्या शिळांच्या खाली खरोखरच एक माणूस उताणा निजवलेला सापडला, त्याच्या बाजूला इतर, पायाशी आडवी एक तरुण मुलगी. आजूबाजूला सगळे मिळून पन्नासेक सांगाडे निघाले. त्यांत जोडपी होती, काही एकमेकांना बिलगलेली. अंगावर शिंपल्यांचे मणी, डुकराच्या सुळ्यांची कडी. बरेच पुरुष शांत पडलेले होते. त्यांना आधी कावा हे गुंगी आणणारं मुळाचं पेय पाजलं असावं, असा गारांजे यांचा कयास. कालनिर्णय मात्र त्यांचा चुकला. त्यांनी कबर तेराव्या शतकाच्या आसपासची धरली होती. नव्या तपासण्यांनी ती 1600 च्या सुमारास आणून ठेवली.

माझ्या मते यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट कबरीच्या बाहेर आहे. रोइ माटा गेल्यावर आर्टोक बेट आणि त्याचं राहतं ठिकाण मंगास, दोन्ही जागा निषिद्ध ठरल्या. चारशे वर्षं तिथे कोणी वस्ती केली नाही. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती, पहारेकरी नव्हता. 2008 मध्ये या दोन आणि लेलेपाची गुहा अशा तीन जागा मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या, व्हानुआतूची ती पहिली नोंद. आजही पाहुण्यांना तिथे फिरवतात ते लेलेपा आणि मंगालिलिऊचेच गावकरी.

हे आपोआप घडलं म्हणावं तर तसंही नाही. त्यामागे या देशाने जाणूनबुजून उभी केलेली एक व्यवस्था आहे, आणि तिच्यासाठीच हा पत्रप्रपंच. कल्चरल सेंटरचे बेटोबेटी ‘फिल्वोका’ आहेत, म्हणजे आपापल्या गावची माहिती नोंदवणारे स्थानिक कार्यकर्ते. बहुतेक शेतकरी, मासेमारी करणारे, चटया विणणाऱ्या बायका. पगार नाही. दर वर्षी ही मंडळी राजधानी पोर्ट व्हिलाला जमतात, एक विषय ठरवतात (कधी नात्यांची नावं, कधी याम, कधी डुकरं) आणि वर्षभर आपापल्या गावात त्याची माहिती गोळा करून पुढच्या खेपेला सगळ्यांसमोर मांडतात. पुरुषांची बैठक ऐंशीच्या दशकापासून चालू आहे, बायकांची 1994 पासून. देशाची लोकसंख्या तीन लाखांच्या घरात आणि भाषा शंभराहून जास्त, त्यामुळे बोलणं चालतं बिस्लामा या सामाईक भाषेत. राजधानीतून अधिकारी पाठवून हे काम कधीच झालं नसतं.

जे गोळा होतं ते सगळं सगळ्यांना दाखवतातही नाहीत. सेंटरमध्ये ‘ताबू रुम’ म्हणून एक कोठार आहे. एखादं गाणं फक्त एका कुळाने ऐकायचं असेल, एखादा विधी बायकांनी किंवा पुरुषांनीच पाहायचा असेल, तर ती फीत त्याच अटीवर ठेवली जाते. आपल्याकडे ‘माहिती खुली हवी’ म्हणणाऱ्यांना हे खटकेल. मलाही आधी खटकलं होतं. पण ही अट आहे म्हणूनच म्हातारी माणसं रेकॉर्डरपुढे बोलायला तयार झाली, हे कळल्यावर माझा विरोध मावळला.

परदेशी संशोधकांना तर त्यांनी 1985 ते 1994 दारच बंद केलं होतं. उघडलं ते अटी घालून: स्थानिक फिल्वोकाला बरोबर घ्या, जे नोंदवाल त्याची प्रत इथे ठेवा, गावाच्या उपयोगाचं काहीतरी करून जा. विद्वान मंडळींनी कुरकुर केली असेल. पण दहाच वर्षांत या धोरणाने काय दिलं ते तेओमाला दिसलं.

तेओमा एफातेवरच, पोर्ट व्हिलापासून जवळ. 2003 च्या अखेरीस तिथे कोळंबी प्रकल्पाच्या बांधासाठी बुलडोझरने माती उचलणं चाललं होतं. मातीत नक्षीचं खापर दिसलं. दातेरी ठश्यांची ती नक्षी लापिता लोकांची, म्हणजे या बेटांवर सगळ्यात आधी होड्यांतून आलेल्या माणसांची. खापर ओळखणारं माणूस जवळपास होतं म्हणून खबर सेंटरला पोहोचली. पुढच्या वर्षांत सेंटरने ऑस्ट्रेलियन संशोधकांबरोबर खोदकाम केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी निघाली, प्रशांत बेटांवरच्या सर्वांत जुन्या दफनभूमींपैकी एक. सांगाड्यांना डोकी नव्हती. दफनानंतर काही काळाने कबर उघडून कवटी काढून घेत आणि जागेवर शंखाची कडी ठेवत. एका पुरुषाच्या छातीवर तीन कवट्या होत्या, एका मडक्यातही कवटी मिळाली. एका मडक्याच्या काठावर मातीचे पक्षी बसवले आहेत, आत डोकावून बघणारे. 2016 मध्ये या हाडांच्या डीएनएवरून ठरलं की ही पहिली माणसं थेट तैवान-फिलिपिन्सच्या बाजूची. न्यू गिनीकडचा वंश या बेटांवर नंतर मिसळला. कोळंबीच्या बांधात हे सगळं गाडलं जायला फारसा वेळ लागला नसता.

या व्यवस्थेचं मी गुणगानच गातेय असं वाटू नये. बिनपगारी माणसांवर देशाची स्मृती सोपवणं म्हणजे त्यांच्या भलेपणावर किती विसंबायचं, हा प्रश्न उरतोच. दुसरी अडचण जमिनीची. 1980 साली स्वातंत्र्य मिळताना राज्यघटनेने सगळी जमीन मूळ मालक कुळांची ठरवली, विकता येत नाही. भाडेपट्टा मात्र 75 वर्षांपर्यंत करता येतो. एफातेच्या किनाऱ्याचा फार मोठा भाग असा हॉटेलं आणि बंगल्यांकडे गेला. कागदावर मालकी गावाची, वाट मात्र बंद. चारशे वर्षं जे निषिद्ध म्हणून राखलं त्याच्या आसपास गुंतवणूकदार घिरट्या घालू लागले, तेव्हा एकटा सरदार ‘पट्ट्याने देऊ’ म्हणाला की जमीन जायची. जमीनमंत्री असताना रेगेन्वानू यांनीच कायदा बदलून संपूर्ण कुळाची संमती लागेल अशी तरतूद आणली. ती 2014 पासून लागू आहे.

एक गोष्ट तर आपल्या घरातल्या बायकांनी पाहताक्षणी ओळखावी अशी. व्हानुआतूत वाळूवर बोटाने आकृत्या काढतात. आधी ओळी किंवा ठिपके आखायचे, मग बोट न उचलता एकाच रेषेत सगळी नक्षी पुरी करायची, अगदी आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. फक्त रेषा ओढता ओढता तिची गोष्ट सांगायची. गोष्ट येत नसेल तर नक्षी येते असं धरत नाहीत. युनेस्कोने 2003 मध्येच या कलेचा गौरव केला. आता आपल्याकडे रांगोळीचे छाप मिळतात, असो.

तर, संपादक महोदय, बारा किल्ल्यांच्या निमित्ताने आता व्यवस्थापन आराखडे, रोप-वे, प्रकाशयोजना, प्रवेशशुल्क अशा बातम्या येत राहतील. रायगडाच्या घेऱ्यातली, साल्हेरच्या पायथ्याची, खांदेरीच्या समोरच्या थळची माणसं काय जाणतात, कुठल्या टाक्याला काय म्हणतात, कुठल्या वाटेने जात नाहीत आणि का, हे कोणी नोंदवतं आहे का? नोंदवत असेल तर त्या गावचं माणूस त्यात आहे का, आणि नोंदीची प्रत ग्रामपंचायतीत ठेवली जाते का? आपल्या वार्ताहरांनी पुरातत्त्व खात्याला हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं छापावीत, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, अलिबाग