पक्षीमंडळाने आधी नोंदवही उघडावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलुंड ते विक्रोळी या पट्ट्यातील आम्ही काही पक्षीमित्र पूर्व उपनगरांसाठी पक्षीनिरीक्षण मंडळ सुरू करत आहोत. पहिल्या बैठकीत बहुतेक चर्चा सहली आणि छायाचित्रांचीच झाली. मंडळाने त्याआधी नोंदवही उघडावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची सुरुवात १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमींनी याच शहरात केली, ती आपापली निरीक्षणे आणि नमुने एकमेकांना दाखवण्यासाठी. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते, हे मराठी वाचकांना आवर्जून सांगायला हवे. पुढे १९०८ साली एक अनोळखी चिमणी घेऊन शाळकरी सालिम अली याच संस्थेत गेले आणि तिथे त्यांना उत्तराबरोबर सारा पक्षीसंग्रह पाहायला मिळाला. प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला आमच्या मंडळातही असाच वेळ मिळाला पाहिजे.

नोंदवहीचा आग्रह खाडीमुळे आहे. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या क्षेत्राला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. परंतु भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की शेकाट्या, तुतारी यांसारखे पक्षी आसपासच्या मिठागरांत आणि उथळ तळ्यांत विसावा घेतात, आणि अशा सगळ्याच जागा संरक्षित नाहीत. अशा जागेवर भराव पडू लागल्यावर ‘इथे पक्षी येत होते’ एवढे तोंडी सांगून भागत नाही. तारीख, वेळ, भरती-ओहोटीची स्थिती, जात आणि संख्या यांची वर्षानुवर्षांची नोंद असेल, तरच अधिकाऱ्यांपुढे नेमके बोलता येते. ती मराठीत असावी, म्हणजे खाडीवर जन्म काढलेल्या कोळी बांधवांनाही तीत भर घालता येईल.

छायाचित्रांना माझा विरोध नाही. मात्र घरट्याजवळ जाणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणे, याला मंडळाच्या नियमांतच मनाई हवी.

पहिली मोजणी ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात, भरतीचे वेळापत्रक पाहून करण्याचा विचार आहे. दुर्बीण नसलेल्यांनीही यावे. मोजणाऱ्याच्या शेजारी बसून आकडे लिहून घेणारा माणूसही लागतोच.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक, भांडुप, मुंबई