कात्रणावरची तारीख कुठे गेली?

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवरील अफवांविषयीचा आपला लेख वाचला. बातमी नामांकित दैनिकाची असली की विश्वासार्ह मानावी, हे त्यातील मत पटले नाही.

पावसाळ्यात खडकवासला धरणाच्या विसर्गावरून, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्यावरून, वाद पेटतात, तेव्हा फिरणारे कात्रण अनेकदा खरेच असते, पण जुने. मथळा ठेवून तारखेची ओळ तेवढी कापलेली. विसर्ग काही तासांत बदलतो, त्यामुळे वेळ न लिहिलेला कालचा खरा आकडाही आज दिशाभूलच करतो. एककही पाहावे. साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मोजतात, विसर्ग क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. खडकवासला साखळीतील चारही धरणांची क्षमता मिळून सुमारे २९ टीएमसी असताना ‘रात्रीत ३५ टीएमसी सोडले’ हा संदेश वाचताक्षणीच बाद व्हायला हवा.

मथळा त्याच दैनिकाच्या ई-पेपरमध्ये शोधावा आणि आकडा जलसंपदा विभागाच्या ताज्या निवेदनाशी ताडून पाहावा. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले होते. अशा वस्तीत खरा इशारा अफवा म्हणून झटकला जाणे फार महागात पडते, म्हणून दैनिकांनीही विसर्गाच्या प्रत्येक आकड्याशेजारी वेळ ठळक छापावी.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे