बेट मोजण्याआधी वाळू मोजा: केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: लक्षद्वीपमधील बांधकामांना मंजुरी देताना वाळूचा हिशेब मागण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

लक्षद्वीपचा विषय निघाला की पहिला आकडा येतो तो ३२ चौरस किलोमीटरचा. सगळ्या बेटांची मिळून जमीन साधारण एवढीच. पण लक्षद्वीपसारख्या कंकणद्वीपावर (कड्यासारख्या प्रवाळबेटावर) जमीन किती, यापेक्षा ती येते कुठून हे आधी विचारायला हवं.

कंकणद्वीप कसं बनतं, याचं उत्तर चार्ल्स डार्विनने १८४२ साली छापलं. उष्ण समुद्रात ज्वालामुखीचं बेट वर येतं आणि त्याच्या काठाच्या उथळ पाण्यात प्रवाळ वाढू लागतं. त्याच्या शरीरात राहणाऱ्या शेवाळाला ऊन लागतं, म्हणून खोल पाणी त्याला मानवत नाही. पुढे ज्वालामुखी थंडावतो, समुद्रतळासह लाखो वर्षं खचत जातो. प्रवाळ मात्र उजेड सोडत नाही. जुन्या सांगाड्यांवर नवी पिढी चढत राहते. शेवटी डोंगर बुडतो आणि उरतं ते प्रवाळाचं कडं, मधे लगून, म्हणजे उथळ खारं सरोवर.

एखाद्या गडगंज श्रीमंताने अशा बेटावर खोल छिद्र पाडून पाहावं, अशी इच्छा डार्विनने मृत्यूच्या आदल्या वर्षी एका पत्रात लिहिली होती. १८९०च्या दशकात पॅसिफिकमधल्या फुनाफुटी या कंकणद्वीपावर तीनशे मीटरहून खोल छिद्र घेतलं, तरी खाली चुनखडीच लागली. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्याच एनिवेटॉक कंकणद्वीपावर सुमारे १,४०० मीटरवर अखेर ज्वालामुखीचा खडक सापडला. उथळ पाण्यातल्या जिवांची एवढी जाड रास तळ खचल्याशिवाय साचणं शक्य नव्हतं. (हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला तेव्हा उघड्या चुनखडीला पावसाने विरघळवलं, मधल्या खोलगट भागाचं श्रेय काही अभ्यासक त्यालाही देतात.) आपल्या लक्षद्वीपच्या रांगेचा पायाही परका नाही. दख्खनचा बेसाल्ट ओतणाऱ्या रीयुनियनच्या तप्त बिंदूच्याच (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येणाऱ्या जागेच्याच) वाटेवर लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस आहेत.

आता वरची जमीन. ती प्रवाळाच्या मोडक्या तुकड्यांची, शिंपल्यांची आणि पोपटमाशांच्या विष्ठेची आहे. हा मासा खडक कुरतडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेली चुनखडी बारीक वाळू करून मागे सोडतो. जाहिरातींतल्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यांत त्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे हे बेट रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं नव्याने बनतं. समुद्राची पातळी वाढली तर बेटंही वाळूच्या भरीने उंचावतील, असा दिलासा काही जण देतात. तो खरा ठरू शकतो, पण वाळू बनवणारं प्रवाळ जिवंत असेल तरच. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये तापलेल्या पाण्याने लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं, म्हणजे त्याच्यातलं शेवाळ निघून गेलं; असं प्रवाळ लवकर सावरलं नाही तर मरतं. मेलेली प्रवाळाची भिंत झिजते, लाटा आत शिरतात आणि खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या गोड्या पाण्याचा थर विटू लागतो. विहिरी त्याच थरावर चालतात.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे. ते तोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. पण लगून उपसताना उठलेला गाळ त्याच प्रवाळावर बसून त्याला गुदमरवतो, तेव्हा त्याला आपण विकास म्हणतो. तापमान एकट्या दिल्लीच्या हाती नाही, हे मान्य. गाळ मात्र नक्कीच आहे.

म्हणून विनंती अशी, की धक्का, धावपट्टी, किनारभिंत किंवा लगूनमधला उपसा यांपैकी कोणत्याही प्रस्तावासोबत वाळूचा हिशेब सक्तीचा करावा. त्या कंकणद्वीपावर वाळू किती बनते, कोणत्या ऋतूत कुठे वाहते, बांधकामामुळे कुठे अडेल, हे त्यात असावं. पोपटमाशांच्या व्यापारी मासेमारीलाही मर्यादा घालावी. हिशेब जोडलेला नसेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.

कळावे,
आपला,
भूगोलाचा एक अभ्यासक