दोन पासपोर्ट राहत नाहीत, दादा

दिमोना, इस्रायल

प्रिय दादा आणि वहिनी,
शालोम.

धाकट्याच्या मनात काय आहे ते वहिनीने कळवलं. इथे यायचं, सैन्यात जायचं, मग चार-पाच वर्षांनी परत येऊन रेवदंड्याची वाडी बघायची, आणि पासपोर्ट दोन्ही देशांचे ठेवायचे. पोरगं उत्साही आहे, चांगलंच आहे. पण दोन पासपोर्ट राहत नाहीत. इस्रायलला ते चालतं, भारताला नाही. अलिया करून, म्हणजे ज्यू म्हणून कायमचं राहायला, उतरला की इथलं नागरिकत्व लगेच मिळतं, आणि 1955 च्या कायद्याप्रमाणे त्याच क्षणी भारताचं संपतं. मग भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा, तसा दाखला घ्यायचा आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाला अर्ज करायचा. आपले लोक त्या कार्डालाच ड्युअल सिटिझनशिप म्हणून मोकळे होतात. तो जन्मभराचा व्हिसा आहे, बाकी काही नाही. मत देता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही.

वाडीचंही ऐकून ठेवा. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. आपली वाडी वारसाने त्याच्याकडे जाईल, सातबाऱ्यावर नाव लागेल, ते चालतं. पण शेजारची नारळाची वाडी घ्यायचा तुमचा विचार आहे ना, ती त्याच्या नव्हे, वहिनीच्या नावावर घ्या.

आता सैन्य. इथे वाढलेल्या मुलांना अडीच वर्षांहून जास्त आणि मुलींना दोन वर्षं सेवा असते. बाहेरून आलेल्याची मुदत उतरतानाच्या वयावर ठरते, वय जास्त तितकी ती कमी. हा एकोणीसचा, म्हणजे सुटणार नाही. सेवा संपली तरी मिलुइम (राखीव सैनिकाचं काम) राहतंच, बोलावलं की जावं लागतं. आमचा मोठा 2023 च्या ऑक्टोबरनंतर महिनोन्‌महिने घरी नव्हता. नोकरीला कायद्याचं संरक्षण होतं, पण सुनेचे हाल मी पाहिलेत. दादा, मी घाबरवत नाहीये. आमच्या गल्लीत हे घरोघरी आहे.

खरी मेख पुढे आहे. परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला ओसीआय नाही, असा भारताचा नियम. इथे तर सगळ्यांचीच पोरं सैन्यातली! 2017 च्या जुलैत मोदी तेल अवीवला आले तेव्हा भर सभेत त्यांनी जाहीर केलं की सक्तीची सेवा केलेल्यांनाही कार्ड मिळेल. त्यातला "सक्तीची" हा शब्द धाकट्याला दोनदा वाचून दाखवा. हौसेने पुढे सैन्यातच नोकरी धरली, तर तीच सवलत मिळेल असं गृहीत धरू नका. आणि सेवा अर्धी टाकून रेवदंड्याला पळाला, तर पुढच्या खेपेला बेन गुरियन विमानतळावरच अडवतील. उद्या त्याची मुलं अलिबागला जन्मली तरी इस्रायल त्यांना आपलंच नागरिक मानणार, आणि सतरा-अठराव्या वर्षी त्यांच्यासाठीही दूतावासात कागद रंगवावे लागणार.

कामाच्या परवान्यावर येणं निराळं. सासूबाईंना सांभाळणारी केरळची मुलगी तशीच आली आहे. भारताचा पासपोर्ट शाबूत, सैन्याचा संबंध नाही. पण नवरा-मुलांना आणता येत नाही आणि साधारण 63 महिन्यांत मुदत संपते. तेच म्हातारं माणूस सांभाळत असेल तरच पुढे वाढते. आपल्या पोराला यात कशाला घालायचं?

माझं ऐकाल तर त्याने आधी ए-वन व्हिसावर यावं. ज्यू असल्यामुळे त्याला तो मागता येतो. नागरिकत्व न घेता राहता येतं, कामही करता येतं. वर्षभर माझ्याकडे राहू दे, हिब्रू शिकू दे, नेगेवचा उन्हाळा सोसू दे. अलिया पुढच्या वर्षीही करता येईल, सोडलेला भारतीय पासपोर्ट मात्र सहजासहजी परत मिळत नाही. वहिनी, तुला हे पटेल. दादा आधी चिडेल.

कागद आत्तापासून जमवा. त्याचा जन्मदाखला, तुमची केतुबा (लग्नाचा करारनामा), सिनेगॉगचा दाखला. आईबाबांची केतुबा जुन्या पेटीत असेल तर तिचा फोटो काढून पाठवा, घडी उलगडताना जपून. आणि ओळखीचा एजंट आहे म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

तुमची,
धाकटी